गुडघा बदलल्यानंतरचं दुखणं: ब्लॉक, एपिड्युरल, बटण की नुसत्या गोळ्या?

पारिजात

आईच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया ठरली आहे. वय ६८, मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) हल्ली १.५ च्या आसपास असतं. सर्जनवर विश्वास आहे, इम्प्लांट कोणतं वगैरे डोकेफोड करून झाली. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. भूल उतरल्यावर काय?

सर्जन म्हणाले, "दुखण्याचं आम्ही बघून घेऊ." भूलतज्ज्ञांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर ज्याला विचारावं तो वेगळंच नाव घेतो. मावशीला पाठीत नळी घातली होती, ती म्हणते त्यासारखं सुख नाही. शेजारच्या काकांना मांडीत इंजेक्शन दिलं. भावाच्या सासूबाईंच्या हातात बटण होतं, दुखलं की दाबायचं. आणि आत्याचं म्हणणं, यातलं काहीही करा, दुसऱ्या दिवशी ब्रह्मांड आठवतंच.

आई दुखण्याला प्रचंड घाबरते, म्हणूनच ऑपरेशन इतकी वर्षं ढकललं. ज्यांनी हे स्वतः भोगलंय, घरच्यांचं बघितलंय किंवा जे या व्यवसायात आहेत, त्यांनी या पद्धतींची तुलना करून सांगाल का? भूलतज्ज्ञांना नेमकं काय विचारायचं, तेही हवंय.

दोन्ही_गुडघे

नाव वाचून कळलंच असेल. डावा गुडघा आधी, उजवा काही वर्षांनी, आणि दोन्ही वेळी दुखणं थांबवायची तऱ्हा वेगळी. तुलना करायला मी हक्काची.

पहिल्या वेळी जांघेत फीमोरल नसेपाशी बारीक नळी ठेवून औषध चालू होतं. दुखणं जवळपास नाहीच. भेटायला येणाऱ्यांना मी हसून सांगत होते की लोक उगाच बाऊ करतात. पण पाय माझा नव्हता. उचला म्हटलं तर उचलेना. वॉकर धरून उभं केलं आणि गुडघा असा काही मुडपला, की फिजिओने कमरेला धरलं नसतं तर नव्या सांध्यासकट जमिनीवर. नळी निघेपर्यंत माझं चालणं म्हणजे कॉटपासून खुर्चीपर्यंत.

दुसऱ्या वेळी मांडीच्या मध्यावर, आतल्या बाजूला एकच इंजेक्शन. शिवाय सर्जननी सांधा बंद करण्याआधी आतच औषध टोचलं होतं. त्याच संध्याकाळी दारापर्यंत चालले. मात्र गुडघ्याच्या मागे, लवणीत, ठणका होता आणि रात्री तो पहिल्या वेळेपेक्षा नक्कीच जास्त होता. तरीही तिसरा गुडघा असता तर दुसरीच पद्धत मागितली असती. दुखलं कमी म्हणून पहिली वेळ चांगली गेली, असं मला आज म्हणवत नाही.

गुंगीवाला

भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. समोर पेशंट नसताना सल्ला देत नाही, हे आधीच सांगतो. माहिती म्हणून वाचा.

ताईंनी जे लिहिलंय तेच आमच्याकडे गेल्या पंधरावीस वर्षांत घडलेल्या बदलाचं सार आहे. पूर्वी आम्ही फक्त 'दुखतंय किती' बघायचो. आता 'दुखणं आवरून पाय हलतोय का' हे बघतो.

गुडघ्याची पंचाईत अशी की त्याला एकाच नसेकडून संवेदना मिळत नाही. पुढचा भाग मुख्यतः फीमोरल नसेच्या फांद्यांकडे, मागचा सायाटिककडे, आणि आतल्या बाजूला ऑब्च्युरेटरचाही वाटा. शस्त्रक्रियेत सांध्यात भेटणाऱ्या दोन्ही हाडांची टोकं कापली जातात, आवरण उघडलं जातं, आणि मांडीला टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, बांधला असेल तर मांडीही ठणकते. म्हणून एका जागी सुई टोचून सगळं दुखणं बंद, असं होत नाही. खुब्याच्या सांधेबदलापेक्षा गुडघ्याचं दुखणं जास्त असतं ते यामुळेही, आणि दुसऱ्याच दिवशी तो वाकवायचा असतो यामुळेही.

आता एकेक.

एपिड्युरल, म्हणजे मावशींची पाठीतली नळी. दुखणं थांबवण्यात आजही पहिल्या रांगेत. पण एका गुडघ्यासाठी दोन्ही पाय जड होतात, रक्तदाब उतरतो, लघवी अडते आणि बहुतेकदा कॅथेटर लागतो. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू असतात. नळी घालताना आणि काढताना त्यांच्या वेळा सांभाळाव्या लागतात, नाहीतर मणक्यात रक्त साचून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. हे फार क्वचित घडतं, पण घडलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. एका गुडघ्यासाठी एपिड्युरल आता पहिली पसंती राहिलेली नाही.

स्पायनलमध्येच थोडं मॉर्फिन. शस्त्रक्रियेसाठी पाठीत जे इंजेक्शन देतात त्याचा बधिरपणा काही तासांत उतरतो, पण त्यात मॉर्फिनची अगदी सूक्ष्म मात्रा, साधारण १०० मायक्रोग्रॅम, मिसळली तर जवळपास दिवसभर आराम मिळतो. बदल्यात खाज, मळमळ, लघवीचा अडथळा. आणि उशिराने श्वास मंदावण्याची शक्यता, म्हणून रात्रभर लक्ष ठेवावं लागतं. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर मी हात आखडता घेतो.

फीमोरल ब्लॉक. ब्लॉक म्हणजे नसेभोवती बधिर करणारं औषध सोडणं. परिणाम उत्तम, पण मांडीपुढचा क्वाड्रिसेप्स स्नायू ढिला पडतो. गुडघा ताठ ठेवून उभं राहणं त्याच्याच जिवावर, त्यामुळे पडण्याची भीती.

अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक, म्हणजे ताईंचं दुसऱ्या वेळचं इंजेक्शन. सोनोग्राफीत बघून मांडीच्या मधल्या भागात औषध सोडतात. तिथवर क्वाड्रिसेप्सच्या बहुतेक फांद्या वरच निघून गेलेल्या असतात, राहते ती मुख्यतः संवेदना नेणारी सॅफेनस नस आणि स्नायूची एखादी फांदी. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांवर दोन्ही ब्लॉक तपासले: फीमोरलनंतर क्वाड्रिसेप्सची ताकद ४९ टक्क्यांनी घटली, अ‍ॅडक्टर कॅनालनंतर ८ टक्क्यांनी. कल झपाट्याने बदलला त्यामागे हे आकडे आहेत.

सांध्यात औषध टोचणं. सिडनीच्या डेनिस कर आणि लॉरेन्स कोहन यांनी २००८ मध्ये ही पद्धत तपशिलात मांडली. रोपिवाकेन हे बधिर करणारं औषध, किटोरोलॅक हे सूजविरोधी औषध आणि अ‍ॅड्रेनालिन यांचं पातळ मिश्रण सर्जन स्वतः सांध्याभोवतीच्या सगळ्या थरांत टोचतो. स्नायू शाबूत, वेगळी सुई नाही, मागच्या आवरणातही औषध पोचतं. पण टोचणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून.

लवणीतल्या ठणक्यासाठी आयपॅक नावाचा ब्लॉक आहे. गुडघ्यामागची पॉप्लिटिअल धमनी आणि सांध्याचं आवरण यांच्यामध्ये औषध सोडतात. पूर्ण सायाटिक ब्लॉक मी टाळतो. पाऊल लुळं पडतं आणि शस्त्रक्रियेत पाऊल वर उचलणाऱ्या पेरोनिअल नसेला इजा झाली की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. पाय बराच वाकडा असेल आणि सरळ केला असेल तर ही शंका असतेच.

बाकी उद्या.

खवचट

एवढी सगळी नावं वाचूनच गुडघा दुखायला लागला. मॉर्फिनचं बटण द्या हातात आणि व्हा मोकळे. माणसाला कळतं की त्याला कधी दुखतंय. सुया कशाला टोचायच्या?

निशाचर

खवचटराव, बटण माझ्या वडिलांकडे होतं. पहिल्या रात्री ते इतके गुंगीत की बटण कुठेय हेच आठवेना. दुखून जाग आली की दाबायचे, औषध चढेपर्यंत तळमळायचे, मग पुन्हा झोप. दिवसा ओकाऱ्या. फिजिओ आली तेव्हा उठून बसायलाच तयार नव्हते. शेवटी मधल्या काकांनी कनवाळूपणे बटण स्वतःच्या हातात घेतलं, तर नर्सबाई धावत आल्या आणि चांगल्याच खडसावून गेल्या.

गुंगीवाला

नर्सबाई शंभर टक्के बरोबर. बटणाची सगळी सुरक्षितता एका गोष्टीवर उभी आहे: गुंगी चढली की पेशंटच्या हातून बटण दाबलं जात नाही आणि औषध आपोआप थांबतं. दोन डोसांमध्ये यंत्र काही मिनिटांची कुलुपबंदी ठेवतं, तीही याच हिशेबाने. शेजारी बसलेल्या प्रेमळ माणसाने बटण दाबलं की हे संरक्षण संपलं. श्वास थांबल्याच्या घटना अशाच घडल्या आहेत.

बटण वाईट नाही. ब्लॉक शक्य नसेल तेव्हा ते फार उपयोगी. पण मॉर्फिन आणि फेंटॅनिल स्वस्थ पडल्यावरचं दुखणं जितकं झाकतात तितकं गुडघा वाकवतानाचं झाकत नाहीत. आणि मळमळ, बद्धकोष्ठ, म्हाताऱ्या माणसात भ्रम हे सगळं सोबत येतं.

१९९३ मध्ये हेन्रिक केलेट आणि त्यांचे सहकारी डाल यांनी वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी औषधं एकत्र, थोड्या थोड्या मात्रेत द्यावीत अशी मांडणी केली. आज आम्ही तेच करतो. गुडघ्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या 'प्रॉस्पेक्ट' या, शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यावर शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाच्या शिफारशींत पॅरासिटामॉल, एक सूजविरोधी औषध, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, अ‍ॅडक्टर कॅनालचं एकच इंजेक्शन आणि सांध्यातलं इंजेक्शन हा पाया धरला आहे. मॉर्फिनच्या जातीची औषधं त्यावरही दुखलं तरच. स्पायनलमधल्या मॉर्फिनला त्यांनी अगदी कोपऱ्यात बसवलंय: दोन्ही इंजेक्शनं देता येत नसतील अशा विरळ प्रसंगी.

म्हणून पारिजात, तुमच्या शीर्षकातला 'की' काढून टाका. प्रश्न कोणतं एक निवडायचं हा नसून यातलं आईला काय चालणार नाही हा आहे.

पारिजात

फार आभार. मग मुद्द्यावरच येते. सूजविरोधी औषध पायात धरलंय म्हणता, पण आईचं क्रिएटिनिन? फॅमिली डॉक्टरांनी 'पेनकिलर बंद' असं स्पष्ट सांगितलंय.

मात्रा

औषधांच्या दुकानात आयुष्य गेलं, म्हणून हा प्रतिसाद मी घेते.

फॅमिली डॉक्टरांचं ऐका आणि त्यांचा तो शब्द कागदावर भूलतज्ज्ञांपर्यंत पोचवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, किटोरोलॅक हे सगळे एका कुळातले. सेलेकॉक्सिब, इटोरिकॉक्सिब पोटाला जरा सौम्य, पण मूत्रपिंडाला नाहीत, हा गैरसमज फार पसरलाय. त्यात आईंच्या रक्तदाबाच्या दोन गोळ्या कोणत्या ते बघा. एक '-प्रिल' किंवा '-सार्टन' प्रकारची आणि दुसरी लघवी वाढवणारी असेल, तर त्यात तिसरी सूजविरोधी गोळी पडली की मूत्रपिंड अचानक बसण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेत रक्त गेलेलं, पाणी कमी प्यायलेलं, अशा वेळी तर आणखीच.

आणि वर गुंगीवालांनी सांध्यातल्या मिश्रणात किटोरोलॅक लिहिलंय ना, तिथे बारीक लक्ष द्या. गोळ्या बंद केल्या म्हणून आपण निश्चिंत असतो आणि तेच औषध सांध्यातून रक्तात जातं. सर्जनना आधी सांगितलं तर ते वगळून मिश्रण बनवता येतं.

पॅरासिटामॉल साधं वाटतं म्हणून लोक दुर्लक्ष करतात. ठरावीक वेळी, दुखो न दुखो, घेतलं तर बाकीच्यांची गरज कमी होते. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन कमी, वय जास्त किंवा यकृत नाजूक असेल तर डॉक्टर त्याहून कमी ठरवतात. घोळ होतो तो दुहेरी मोजणीचा. ट्रॅमाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, सर्दीच्या गोळ्यांतही असतं. वेष्टनावरचा मजकूर वाचा.

ट्रॅमाडॉलबद्दलही एक. नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ते घेतलं तर सेरोटोनिन वाढून थरथर, घाम, गोंधळ होऊ शकतो. फिट्सचा इतिहास असेल तरी नको. आई झोपेसाठी किंवा मनासाठी काही घेत असतील तर लपवू नका. लोक ते हमखास लपवतात.

दोन्ही_गुडघे

मात्राताई, मला पहिल्या वेळी प्रीगाबॅलिन दिलं होतं, नसांच्या दुखण्यासाठी म्हणून. डोकं असं गरगरायचं की बाथरूमला जाताना भिंत धरावी लागे. आता देत नाहीत का?

मात्रा

पूर्वी सर्रास द्यायचे. आता हात आखडलाय. म्हाताऱ्या माणसाला गरगर आणि झापड, आणि फायदा अपेक्षेएवढा दिसला नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१९ मध्ये इशाराही दिला, की गाबापेंटिन आणि प्रीगाबॅलिन श्वास मंदावू शकतात, विशेषतः मॉर्फिनच्या जातीबरोबर, वयस्करांत आणि फुफ्फुसाचे आजार असलेल्यांत. शिवाय ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणजे पारिजातच्या आईंना मात्रा कमीच ठेवावी लागेल.

गुंगीवाला

अनुमोदन. आणि डेक्सामेथासोनबद्दल मधुमेहींसाठी दोन ओळी. हे स्टेरॉइड शिरेतून एक-दोन वेळाच देतात. मळमळ आणि दुखणं दोन्ही कमी करतं. २०२२ मध्ये बीएमजे या नियतकालिकात आलेल्या डॅनिश चाचणीत २४ मिलिग्रॅमच्या दोन मात्रा दिलेल्यांना पहिल्या ४८ तासांत मॉर्फिन कमी लागलं. साखर मात्र दोनेक दिवस चढते. मधुमेह म्हणजे सरसकट नाही, असं नाही. साखर आधी किती ताब्यात आहे त्यावर मात्रा ठरते. हा प्रश्न भेटीत जरूर काढा.

चालताबोलता

फिजिओ आहे. माझ्या वाट्याला येतात ते पेशंट ब्लॉक उतरल्यानंतरचे, म्हणजे खरी लढाई सुरू झाल्यावर.

नातेवाईक विचारतात, दुखणं शून्य कधी होणार? शून्य हे लक्ष्यच नको. शून्य ते दहाच्या पट्टीवर स्वस्थ असताना तीनचार आणि व्यायामात पाचसहा असेल, आणि पेशंट श्वास रोखून न धरता गुडघा वाकवू शकत असेल, तर पहिल्या आठवड्यात मी खूश असते. नर्सने विचारल्यावर नुसता पडल्या पडल्याचा आकडा सांगू नका, पाय हलवतानाचाही सांगा. औषध वाढवायचं की नाही हे दुसऱ्या आकड्यावरून कळतं.

गोळी व्यायामाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी. व्यायाम झाल्यावर कळवळून गोळी घेणारे दुसऱ्या दिवशी मला बघून पांघरूण डोक्यावर घेतात.

बर्फ: कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून काही वेळा. त्वचा अजून बधिर असेल तर जास्त जपून, कारण भाजलेलं कळत नाही. बर्फाचा फायदा मोजमापात छोटाच निघतो, पण दुसरं औषध न वाढवता मिळतो. पाय हृदयाच्या वर येईल असा उंच ठेवायचा तो घोट्याखाली आणि पोटरीखाली आधार देऊन. गुडघ्याखाली उशी नाही! नाही म्हणजे नाही. वाकलेल्या गुडघ्याला बरं वाटतं हे मान्य, पण त्याच स्थितीत तो आखडला तर सरळ करायला महिने जातात.

आपोआप पाय वाकवणारं यंत्र भाड्याने आणू का, असं बरेच विचारतात. दुखणं किंवा वाकणं यात लक्षात घेण्याजोगा फरक अभ्यासांत दिसलेला नाही. तो खर्च वाचवा.

खवचट

बरं, एक खराखुरा प्रश्न, खवचटपणा नाही. ओळखीतल्या एकाला 'तीन दिवस टिकणारं इंजेक्शन' म्हणून काहीतरी महागडं सुचवलंय. आणि दुसऱ्या एका दवाखान्यात गुडघ्याच्या नसा जाळतात म्हणे. हे काय आहे?

गुंगीवाला

पहिलं बहुधा लायपोसोमल ब्युपिवाकेन. बधिर करणारं औषध चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं, हळूहळू सुटणारं. कल्पना देखणी. पण साध्या ब्युपिवाकेनबरोबर ते मिसळून ब्रिटनमध्ये गुडघ्यावर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये जामा सर्जरी या नियतकालिकात आले: नुसत्या साध्या ब्युपिवाकेनपेक्षा फायदा दिसला नाही. मी माझ्या नातेवाइकाला जास्तीचे पैसे भरायला लावणार नाही.

दुसरं म्हणजे जेनिक्युलर नसांवर रेडिओ लहरींची उष्णता. ते मुख्यतः शस्त्रक्रिया टाळणाऱ्या किंवा करता न येणाऱ्या झिजलेल्या गुडघ्यांसाठी पुढे आलं. सांधेबदलानंतरच्या पहिल्या आठवड्याचा तो नेहमीचा उपाय नव्हे.

निशाचर

सगळे जण इंजेक्शनांवर बोलतायत म्हणून मुद्दाम लिहितो. वडिलांच्या दुसऱ्या गुडघ्याला ब्लॉक दिला होता. संध्याकाळी साहेब ऐटीत, "मला काही दुखत नाही, त्या गोळ्या ठेवा बाजूला." पहाटे ब्लॉक उतरला आणि एकदम आठ-नऊवर. सणक अशी की पलंगाचा कठडा धरून बसले. तिथून पुन्हा ताब्यात आणायला दुपार झाली.

हे अगदी नेहमीचं आहे असं नंतर कळलं. तेव्हा ब्लॉक चालू असतानाच गोळ्या सुरू ठेवायच्या, आणि पहिल्या रात्री मधल्या डोससाठी गजर लावायचा, माणूस गाढ झोपला असला तरी. घरी आल्यावर मी वहीत वेळा लिहून फ्रिजवर चिकटवल्या. दोघा भावंडांनी रात्री वाटून घेतल्या.

गुंगीवाला

पेशंटला मीही हेच सांगतो. एका इंजेक्शनचा असर सहसा १२ ते २४ तास. तो उतरण्याची वेळ नेमकी मध्यरात्री ते दुसऱ्या दिवशी दुपार या पट्ट्यात येते, जेव्हा आजूबाजूला माणसं कमी असतात. एक सुधारणा: झोप गुंगीची असेल, हाक मारून नीट जाग येत नसेल किंवा श्वास फार संथ असेल, तर ट्रॅमाडॉल-मॉर्फिनच्या जातीची गोळी गजर झाला तरी देऊ नका. आधी नर्सला किंवा डॉक्टरला बोलवा. नुसतं पॅरासिटामॉल असेल तर हा प्रश्न येत नाही.

उरलेलं_दुखणं

पहिल्या आठवड्याबद्दल सगळे लिहितात. माझ्या शस्त्रक्रियेला वर्ष होत आलं, एक्स-रे उत्तम, सर्जन समाधानी आणि मी अजून जिना उतरताना कळ काढते. पारिजात, घाबरवायला नाही, पण हा भागही कुणीतरी सांगायला हवा.

गुंगीवाला

हवाच. २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात निरनिराळ्या अभ्यासांतून १० ते ३४ टक्के लोकांना गुडघा बदलल्यावर दीर्घकाळ त्रासदायक दुखणं राहिल्याचं दिसलं. शस्त्रक्रियेआधीच तीव्र दुखणं, शरीरात इतरत्रही दुखणं, चिंता-नैराश्य, आधीपासून मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्या, यांनी ती शक्यता वाढते. पहिल्या दिवसांतलं अनावर दुखणंही त्या यादीत आहे, म्हणून मी 'सोसा थोडं' असं कधी म्हणत नाही.

तुम्ही 'एक्स-रे चांगला' इथे थांबू नका. मंद जंतुसंसर्ग आणि सैल झालेला सांधा आधी तपासून वगळायला हवा. खुबा आणि कंबर तपासली का? खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवणं फार सामान्य. त्यात काहीच नसेल तर वेदना-चिकित्सकाकडे जा. नसेच्या दुखण्याचे उपाय वेगळे असतात.

चालताबोलता

आणि कोणत्याही दिवशी, ठरलेल्या वळणाने कमी होत असलेलं दुखणं अचानक उलटं फिरलं तर गोळी वाढवून गप्प बसू नका. पोटरी ठणकून सुजली, जखमेतून पाणी यायला लागलं, ताप आला तर लगेच डॉक्टर. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात.

पारिजात

धागा वर काढतेय. भूलतज्ज्ञांची भेट झाली आणि शस्त्रक्रियाही पार पडली.

भेटीत आईच्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट नेल्या होत्या. रक्तदाबाच्या दोन गोळ्या मात्राताईंनी लिहिलेल्या जोडीतल्याच निघाल्या. भूलतज्ज्ञांनी सूजविरोधी औषध पूर्ण वगळलं, सर्जनना फोन करून सांध्यातल्या मिश्रणातून किटोरोलॅक काढायला लावलं. आई घोरते का, हे त्यांनी स्वतःहून विचारलं. ती घोरते, म्हणून स्पायनलमध्ये मॉर्फिन नाही. मग साधं स्पायनल, अ‍ॅडक्टर कॅनाल, आयपॅक, सांध्यातलं इंजेक्शन, डेक्सामेथासोन कमी मात्रेत एकदाच, आणि पॅरासिटामॉल घड्याळ लावून. ट्रॅमाडॉल गरज पडली तर, छोट्या मात्रेत.

ब्लॉक पहाटे उतरला. निशाचर, तुमच्यामुळे तयारी होती. सहापर्यंत गेलं, ट्रॅमाडॉलची एक मात्रा लागली, मग चारवर आलं. साखर दोन दिवस चढली, तिथे इन्सुलिन द्यावं लागलं. आई उभी राहिली, चालली. दुखलं नाही असं ती अजिबात म्हणत नाही, पण दुसऱ्या गुडघ्याचा विषय तिनेच काढला.

आता घरी आहोत. दिवस बरा जातो, रात्री मात्र गुडघा ठणकतो आणि झोप मोडते. ट्रॅमाडॉल रात्रीपुरतं चालू ठेवू का? पोटही साफ होत नाहीये.

मात्रा

पोट ट्रॅमाडॉलमुळेच. ते चालू आहे तोवर सौम्य रेचक रोज, डॉक्टरांना विचारून, आणि त्यांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर पाणी भरपूर. तीन दिवस पोट साफ झालं नाही तर वाट बघू नका.

रात्रीच्या ट्रॅमाडॉलचं सर्जनशी बोलूनच ठरवा, पण आधी पॅरासिटामॉलची शेवटची मात्रा झोपायच्या वेळेवर सरकवता येते का बघा. रोजची एकूण मात्रा तीच ठेवून. ट्रॅमाडॉल बंद करायची वेळ आली की एकदम न सोडता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उतरवत न्या. उरलेल्या गोळ्या घरात 'असू देत, कुणाला लागतील' म्हणून ठेवू नका. औषधांच्या दुकानात विचारा, परत घेतात का.

चालताबोलता

रात्रीचा ठणका बऱ्याचदा दिवसाच्या हिशेबाचा असतो. संध्याकाळी उशिरा व्यायाम करत असाल तर तो दुपारी सरकवा, झोपण्याआधी फक्त बर्फ आणि पाय उंच. कुशीवर झोपायचं असेल तर सर्जनना विचारून, दोन पायांच्या मध्ये उशी घेऊन चालेल. कित्येक आठवडे झोप तुकड्यातुकड्यांत लागते, हे आईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे रोज रात्री नवी भीती वाटणार नाही. आणि गुडघ्याखाली उशी घेत नाहीत ना? खरं सांगा.

पारिजात

घेतात. आजपासून बंद.